नावाआधीची बिरुदं

मी कराटे शिकवतो. संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये वर्ग भरतो. बाक भिंतीला सरकवायचे, फरशीवरून ओलं फडकं फिरवायचं आणि सुरू. मोठी मुलं मला 'सेन्सेई' म्हणतात, लहानगी 'सर' म्हणतात आणि त्यांच्या आज्या 'कराटेवाले मास्तर' म्हणतात. तिन्हींवर मी ओ देतो.

या क्षेत्रात आल्यापासून बिरुदांचं पीक मात्र दरवर्षी वाढताना पाहतोय. चौकातल्या फ्लेक्सवर कुणी शिहान, कुणी रेन्शी, कुणी हान्शी, तर कुणी थेट ग्रँडमास्टर. प्रवेश घ्यायला आलेले पालक सरळ विचारतात, "सर, ते पलीकडचे ग्रँडमास्टर आहेत म्हणे. तुम्ही कोण?" प्रश्न रास्त आहे, पण एका वाक्यात त्याचं उत्तर देता येत नाही. म्हणून हे चार अनुभवाचे बोल.

१. पदवी दुसऱ्यानं लावायची असते

जपानमध्ये 'सेन्सेई' ही काही कराटेची मिरासदारी नाही. शाळेतले शिक्षक, डॉक्टर, वकील, राजकारणी, इतकंच काय, मांगा काढणारे चित्रकारही सेन्सेईच. हा शब्द आडनावानंतर लागतो आणि तो समोरच्यानं लावायचा असतो. स्वतःची ओळख करून देताना जपानी शिक्षक नुसतं आडनाव सांगतो. फोन उचलून "मी कुलकर्णीसाहेब बोलतोय" असं कुणी म्हणालं तर आपण गालातल्या गालात हसतो; 'मी सेन्सेई अमुक' ऐकून जपानी माणसाचं तेच होतं.

एका शिबिराला जपानहून एक ज्येष्ठ प्रशिक्षक आले होते. आयोजकांनी सूत्रसंचालकाच्या हाती त्यांची बिरुदावली दिली होती, ती वाचून संपता संपेना. मग पाहुण्यांच्या हाती माइक आला. त्यांनी आडनाव सांगितलं, वाकून नमस्कार केला, माइक परत दिला आणि रांगांमध्ये शिरले. दुसऱ्या रांगेतल्या एका पोराची झेनकुत्सु-दाचीत, म्हणजे पुढचा गुडघा वाकवलेल्या पवित्र्यात, मागची टाच उचलली जात होती. पाहुणे खाली बसले, तळहातानं ती टाच जमिनीला टेकवली. पुढच्या पावलाला टाच पुन्हा उचलली, त्यांनी पुन्हा टेकवली. पोरगं हॉलच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत ते त्याच्यासोबत बसत-उठत गेले. तोवर व्यासपीठावर हार-तुरे ताटकळत होते.

२. दान वेगळी, पदवी वेगळी

आपल्याकडे सर्वांत मोठा घोळ इथे होतो. दान ही तुमच्या अंगातल्या कसबाची पायरी. ती पद्धत ज्युदोतून आली. जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोतल्या एका देवळात, बारा तातामींच्या (चटयांच्या) जागेत कोदोकान सुरू केलं आणि पुढच्याच वर्षी तोमिता त्सुनेजिरो आणि सायगो शिरो या दोन शिष्यांना पहिली दान दिली. कराटेत ती पद्धत गिचिन फुनाकोशी यांनी १९२४ साली आणली.

शिक्षकांच्या पदव्यांचा उगम निराळा. क्योतोत १८९५ साली 'दाई निप्पॉन बुतोकु काई' ही संस्था निघाली. जुन्या युद्धविद्या आणि त्या शिकवणारी माणसं टिकावीत, हा तिचा हेतू. तिनं १९०२ साली दोन सन्मान ठरवले, हान्शी आणि क्योशी. पुढे १९३४ साली त्यांच्या खाली रेन्शी आली. रेन्शी, क्योशी, हान्शी असा हा चढता क्रम. महायुद्धानंतर १९४६ साली ती संस्था बरखास्त झाली, पण पदव्या मागे राहिल्या. मग ज्याला जशा जमल्या तशा त्यानं त्या उचलल्या.

त्या नीट सांभाळल्या त्या केंडोवाल्यांनी. ऑल जपान केंडो फेडरेशनकडे रेन्शी होण्यासाठी सहावी दान लागते, क्योशीसाठी सातवी आणि हान्शीसाठी आठवी. त्यातही दान मिळाली म्हणून पदवी आपोआप मिळत नाही. वरिष्ठांची शिफारस लागते, माणूस कसा आहे हे पाहिलं जातं. आठव्या दानच्या परीक्षेला बसायचं तर वय किमान ४६ हवं आणि सातवी मिळून दहा वर्षं झालेली हवीत. एवढं करून शंभरात जेमतेम एखादा पास होतो. हान्शीचा विचार त्याच्याही नंतर.

हे माहीत असलं की पस्तिशीतल्या माणसाच्या व्हिजिटिंग कार्डावर 'हान्शी' वाचून दडपण येत नाही. कुणाच्या नियमानं, एवढाच प्रश्न पडतो.

३. काळा पट्टा हा शिकवण्याचा परवाना नव्हे

पोराच्या कमरेला काळा पट्टा आला की पालकांना वाटतं, शिक्षण पूर्ण झालं. पोरालाही वाटतं, आता आपण वर्ग काढावा. प्रत्यक्षात पहिली दान म्हणजे पायाभूत गोष्टी अंगवळणी पडल्याची पावती. क्योकुशिन कराटेत पहिल्या-दुसऱ्या दानवाल्याला 'सेनपाई' म्हणतात, म्हणजे वर्गातला मोठा भाऊ; 'सेन्सेई' तिसऱ्या दानपासून. तायक्वांदोच्या कुक्कीवॉन संस्थेकडे आंतरराष्ट्रीय प्रशिक्षकाच्या अभ्यासक्रमाला चौथी दान लागते. आणि पंधरा वर्षांच्या आतल्या मुलांना तिथे दान देतच नाहीत, 'पूम' देतात. आठ वर्षांच्या 'ब्लॅक बेल्ट'चा सत्कार करताना ही गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी.

माझ्याच वर्गातलं सांगतो. कुमितेत, म्हणजे लढतीत, पदकं आणणारा एक मुलगा. त्याला एकदा नवख्यांची रांग दिली. त्यानं ग्याकु-झुकी (मागच्या हाताची ठोशी) मारून दाखवली, वीज चमकावी तशी. पोरांनी टाळ्या वाजवल्या, पण एकालाही ती मारता येईना. त्यानं पुन्हा मारून दाखवली, अजून जोरात. शेवटी शेजारच्या रांगेतली तपकिरी पट्ट्याची मुलगी फळ्याखालचा खडू घेऊन आली. तिनं फरशीवर दोन समांतर रेघा ओढल्या. "डावा पाय या रेघेवर, उजवा त्या. आता कंबर वळवा, हात नंतर." दहा मिनिटांत निम्म्या पोरांच्या कमरा वळायला लागल्या. मुलाचा पट्टा काळा होता, पण त्या संध्याकाळी शिक्षक ती होती.

हात चालणं आणि हात चालवायला शिकवणं ही दोन कसबं आहेत. दुसरं कसब पहिल्यातून आपसूक येत नाही, ते वेगळं कमवावं लागतं.

४. एकच शब्द, घराघरात निराळा

'शिहान' घ्या. क्योकुशिनमध्ये पाचव्या दानपासून शिहान. आयकिदोच्या आयकिकाई संस्थेत सहाव्या दानपासून. त्याखाली दुसऱ्या-तिसऱ्या दानला 'फुकु-शिदोइन' आणि चौथ्या-पाचव्याला 'शिदोइन'. कुठे ती नेमणूक असते, कुठे नुसता आदरार्थी शब्द. कोरियन 'साबोम'चंही तसंच: एका आंतरराष्ट्रीय संघटनेत पहिल्या तीन दान म्हणजे सहायक, चौथ्यापासून साबोम आणि त्यापुढे आणखी दोन पायऱ्या, गल्लीतल्या वर्गात मात्र शिकवणारा कोणीही साबोम. थायलंडात मुय थाय शिकवणारा 'क्रू', त्याहून ज्येष्ठ तो 'आजान'. चिनी वूशूत 'शिफू'. ब्राझिलियन जुजुत्सूत काळ्या पट्ट्याचा गुरुजी चक्क 'प्रोफेसर'.

म्हणून दोन वेगळ्या संघटनांचे शिहान एकमेकांशी ताडून बघायला जाऊ नये. 'तुम्ही कोण' यापेक्षा 'तुम्हाला हे कोणी केलं आणि त्यांच्याकडे त्यासाठी काय लागतं' हे विचारावं. खऱ्या पदवीमागे एक संस्था, एक नियमपुस्तिका आणि सही करणारा एक जिवंत माणूस असतो. त्यातलं काहीच दाखवता येत नसेल तर ते बिरुद छापखान्यात तयार झालेलं आहे असं समजावं.

५. 'सोके' आणि 'ग्रँडमास्टर' ऐकलं की वय विचारावं

सोके म्हणजे एखाद्या घराण्याचा वारसदार. जपानमध्ये हा शब्द चहाविधी, पुष्परचना, नाट्य अशा कलांमध्येही चालतो. एक परंपरा पिढ्यानपिढ्या चालत आलेली असते, ती पुढे सांभाळण्याची जबाबदारी एका माणसावर येते आणि तो सोके होतो. जुन्या युद्धविद्यांत तर दान-बिनही नव्हती. सगळी विद्या हस्तांतरित झाली की 'मेन्क्यो काइदेन' हा परवाना हाती पडायचा. आपल्याकडे मात्र चार शैलींची भेळ करून नवी शैली काढायची आणि पहिल्याच दिवशी तिचा सोके व्हायचं, हा शिरस्ता पडलाय. जिथं घराणंच नाही तिथं वारस कुठून येणार?

ग्रँडमास्टरचा हिशोबही करून पाहावा. ब्राझिलियन जुजुत्सूच्या आंतरराष्ट्रीय महासंघानं पायऱ्यांमधलं अंतर लिहूनच ठेवलंय. काळा पट्टा मिळाल्यावर पहिल्या तीन पायऱ्या तीन-तीन वर्षांनी, पुढच्या तीन पाच-पाच वर्षांनी, त्यानंतर सात, पुन्हा सात आणि दहा. लाल पट्ट्याची नववी पायरी काळ्या पट्ट्यानंतर किमान ४८ वर्षांनी. विशीत काळा पट्टा मिळवणाऱ्यालाही ती सत्तरीच्या आसपास भेटते. आणि आपले काही ग्रँडमास्टर अजून दहावीच्या वर्गमित्रांच्या लग्नाला जातात.

मलाही एकदा परदेशातल्या एका संघटनेचं पत्र आलं होतं. माझ्या 'कार्याची दखल घेऊन' उच्च दान द्यायचं ठरलंय, सोबत प्रमाणपत्र, शाल, पट्टा आणि मंडळाचं आजीव सदस्यत्व, शुल्क डॉलरमध्ये. दखल घेणाऱ्यांनी माझं काम कधी पाहिलं, ते पत्रात कुठं नव्हतं. पत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूवर वर्गाची हजेरी लिहिली.

६. ज्यांनी पदव्या दिल्या, त्यांनी त्या मिरवल्या नाहीत

कानो यांनी दान पद्धत घडवली, पण स्वतः कुठली दान घेऊन फिरले नाहीत. फुनाकोशी शाळामास्तर होते, ओकिनावाहून टोकियोला आले, आधुनिक कराटेचे जनक म्हणून जग त्यांना ओळखतं. त्यांच्या हयातीत त्यांनी दिलेली सर्वांत वरची दान पाचवी. गोजू-र्यू शैलीचे चोजुन मियागी यांना बुतोकु काईनं १९३७ साली क्योशी ही पदवी दिली. आपल्या शिष्यांना मात्र त्यांनी दान वाटल्या नाहीत. आजच्या फ्लेक्सवर हे तिघं शेजारी उभे केले तर आपल्याकडचे कित्येकजण त्यांच्या वरच्या ओळीत बसतील.

पदव्यांचा फुगवटा नेहमी माणूस गेल्यावर सुरू होतो. क्योकुशिनचे संस्थापक मासुतात्सु ओयामा होते तोवर तिथे 'सोसाई', म्हणजे प्रमुख, एकच होते. १९९४ साली ते वारले आणि संघटनेची शकलं झाली. प्रत्येक शकलाला प्रमुख हवा, प्रमुखाला मानाचं नाव हवं. आपल्याकडच्या कराटे संघटनांचं याहून निराळं झालेलं नाही. भांडण होतं, माणूस बाहेर पडतो, नवा लेटरहेड छापतो आणि त्यावर एक पायरी वर चढतो. वर्गातल्या पोरांना यातलं काही कळत नाही. त्यांना फक्त पट्ट्यावरचा बिल्ला बदललेला दिसतो.

७. कुणाला पदवी लवकर मिळते, कुणाला मुद्दाम उशिरा

केइको फुकुदा या कानो यांच्या हाताखाली शिकलेल्या ज्युदोका. बाईमाणसाला पाचव्या दानच्या वर न्यायचं नाही, असा तेव्हाचा शिरस्ता. त्या पायरीवर त्या जवळजवळ वीस वर्षं अडकल्या. सहावी दान १९७२ साली मिळाली, कोदोकानची नववी २००६ साली आणि अमेरिकेच्या ज्युदो संघटनेकडून दहावी २०११ साली. तेव्हा त्या ९८ वर्षांच्या होत्या. सगळी हयात शिकवत होत्याच. पदव्या मागून रखडत आल्या.

केरळात वडकरा इथं मीनाक्षी अम्मा कळरिपयट्टू ही युद्धविद्या शिकवतात. नवऱ्यानं काढलेली कळरी, म्हणजे तालीम, त्याच्या पश्चात त्यांनी चालवली. तिथं आचार्याला 'गुरुक्कळ' म्हणतात, त्यांनाही लोक मीनाक्षी गुरुक्कळ म्हणतात. २०१७ साली त्यांना पद्मश्री मिळाली, वयाच्या पंचाहत्तरीत. त्याआधीही शिष्य त्यांच्या पायाला हात लावूनच कळरीत उतरत होते.

आमच्या क्षेत्रातल्या मुलींना मी या दोघींबद्दल सांगतो. परीक्षकांच्या टेबलाशी बायका अजून अभावानंच दिसतात. प्रमाणपत्रावर सही पुरुषाची आणि रांगा सांभाळायला ताई, हे चित्र बदलायला हवं.

८. आपल्याकडे 'वस्ताद' होतेच

पदवीसाठी जपानकडे बघण्याआधी पुण्याच्या गंज पेठेकडे बघावं. लहुजी साळवे यांनी तिथं तालीम चालवली. दांडपट्टा, तलवार, कुस्ती शिकवली. जोतीराव फुलेही त्यांच्याकडे शिकले. १८८१ साली ते गेले, तरी आज कुणी त्यांना नुसतं लहुजी म्हणत नाही. लहुजी वस्ताद म्हणतात. ही पदवी कुठल्या मंडळानं दिली नाही, कुठल्या रजिस्टरात तिचा क्रमांक नाही. तालमीतल्या पोरांनी दिली आणि गावानं कायम केली.

कोल्हापूरच्या तालमींत आजही वस्ताद हा शब्द असाच चालतो. पहाटे पोरांच्या आधी आखाड्यात हजर, कुणाचा खुराक कमी पडतोय, कुणाचा गुडघा दुखतोय, कुणाच्या घरी पैशाची ओढाताण आहे, हे त्याला ठाऊक असतं. त्याचा पठ्ठ्या मैदान मारतो तेव्हा हलगीच्या कडकडाटात नाव पठ्ठ्याचं घेतात आणि त्यामागोमाग 'अमक्या वस्तादांचा' म्हणतात.

शिकवणं हे वेगळं कसब आहे, ही जाण सरकारदरबारीही आहे. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतून १९६१ पासून प्रशिक्षक रीतसर शिकून बाहेर पडतात. तिथला 'कोच' हा शब्द अभ्यास करून मिळवलेला असतो. द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ साली सुरू झाले, तेव्हा पहिल्याच तुकडीत कुस्तीचे भालचंद्र भागवत होते. हा पुरस्कार शिकवणाऱ्याचा, पण तो मोजला जातो शिष्यांच्या कामगिरीवर.

९. पदवीत जे लिहिलेलं नसतं

दान परीक्षेत काता (ठरलेल्या हालचालींची मालिका) बघतात, कुमिते बघतात. पोरगं चक्कर येऊन पडलं तर काय करायचं, हे कुणी विचारत नाही. पाचव्या दानवाल्याला प्रथमोपचार येतोच असं नाही. सहा वर्षांच्या मुलाला बोटांवर पुशअप्स घालायला लावू नयेत, हे कुठल्या पदवीवर छापलेलं नसतं.

त्याहून नाजूक गोष्ट म्हणजे अंतर. आमच्या कामात मुलांच्या अंगाला हात लावावाच लागतो. हात, कंबर, पाय नीट करावे लागतात. गुरूबद्दलचा धाकही असतो. 'सेन्सेई म्हणतील ते ऐकायचं' हे वाक्य शिस्तीसाठी चांगलं आणि गैरफायद्यासाठीही सोयीचं. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं अशा अत्याचाराची माहिती असूनही ती न कळवणं हाही गुन्हा ठरवलाय, आणि त्यात शिहान आणि हान्शींना सूट नाही. वर्गाचं दार उघडं असावं, पालकांना बसायला बाक असावा, मुलींच्या वर्गाला एक तरी स्त्री प्रशिक्षक असावी. जिथं 'गुरूवर शंका घेता?' असं उत्तर मिळतं तिथं पोराला एक मिनिटही ठेवू नये.

आणि स्पर्धेचं मैदान सगळ्यांनाच जमिनीवर आणतं. जागतिक कराटे महासंघाच्या स्पर्धेत खेळाडूच्या मागच्या खुर्चीवर बसायचं तर गळ्यात कोचचं ओळखपत्र आणि अंगात ट्रॅकसूट लागतो. कमरेचा जुना, विटलेला पट्टा आणि त्यावरची सोनेरी अक्षरं बॅगेत. २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्येही तसंच होतं.

१०. पालकांनो, हे विचारा

प्रवेश घेण्याआधी वर्गाला तासभर बसा. सर कोण आहेत यापेक्षा सर काय करतात ते बघा. सर्वांत कच्चं पोरगं शोधा आणि त्याच्याकडे कोण लक्ष देतंय ते बघा. ते पोरगं घाबरलेलं असेल तर पदवी कितीही लांब असो, घरी जा. मग सरांना चार प्रश्न विचारा: तुम्हाला ही पदवी कोणी दिली? तुमचे गुरू कोण, आणि तुम्ही अजून त्यांच्याकडे शिकता का? तुमच्याकडे पाच वर्षं टिकलेली मुलं कोण? परीक्षेची फी किती आणि नापास कोणाला करता? शेवटच्या प्रश्नावर जो गडबडतो, त्याच्याकडे पट्टे विकत मिळतात.

आणि माझ्या व्यवसायबंधूंना एकच विनंती. पुढच्या फ्लेक्सवर बिरुद छापायला द्यायच्या आधी ते आपल्या गुरूला दाखवा. त्यांनी मान डोलावली तर छापा. दाखवायची लाज वाटली, तर छापू नका.